मामंजींचे खोबरेल आणि मोटारीची सीट

या सदराच्या वाचक-भगिनींना माझी एक खोड ठाऊक आहे. घरात काही बिघडल्याशिवाय मला लिहायला विषय सुचत नाही. दूध नासले, की त्या आठवड्याला दूध. कपाटात कसर लागली, की कसर. निदान दिवाळी अंकासाठी तरी काही मंगल, प्रसन्न लिहावे असा संपादकांचा आग्रह असतो, आणि जागाही ते नेहमीपेक्षा ऐसपैस देतात. पण काय करणार? गेल्या दिवाळीत आमच्याकडे बिघडली ती मोटारीची सीट, आणि तिच्यापायी दोन माणसांची मने. तेव्हा यंदाचा विषय तोच.

गेल्या दसऱ्याला आमच्या चिरंजीवांनी मोटार घेतली. नवी कोरी नव्हे, चार वर्षे वापरलेली. पण दार उघडून आत पाहिले, की डोळे निवावेत! बिस्किटी रंगाच्या कातडी सीट्स, आणि बसायच्या व पाठ टेकायच्या जागी वारा खेळावा म्हणून बारीक बारीक भोके पाडलेली. झेंडूची माळ बांधली, चाकाखाली लिंबू ठेवले आणि सगळ्यांच्या आधी मामंजींना आत बसवले.

मामंजींचे वय ८४. त्यांच्या उमेदीच्या काळात आमच्या दारात फियाट होती, मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. दर रविवारी सकाळी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून ते ती स्वतः धूत आणि आतल्या रेक्झिनच्या सीट्स ओल्या फडक्याने पुसत. हे रेक्झिन म्हणजे मुळात एका विलायती मालाचे नाव. इंग्लंडात मँचेस्टरजवळ हाइड नावाच्या गावी कापडाला नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन कातड्यासारखे दिसणारे कापड बनत असे, त्याचे हे नाव. पुढे कारखाना लोक विसरले आणि आपल्याकडे प्रत्येक नकली कातडे रेक्झिन झाले. जसे प्रत्येक वनस्पती तूप डालडा झाले.

मामंजींनी नव्या सीटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे रेक्झिन नव्हे, सूनबाई. हे खरं कातडं. याची निगा वेगळी."

त्यांचे हे म्हणणे शंभर नंबरी खरे होते. चूक झाली ती पुढे.

साठ वर्षे मामंजींच्या पायात कोल्हापुरी चप्पल आहे. नवी जोडी आली, की तिला रात्रभर तेल पाजायचे, दुसऱ्या दिवशी सावलीत ठेवायचे आणि मगच पायात घालायची, ही त्यांची रीत. आणि त्यांच्या चपला वर्षानुवर्षे टिकतात. तर पाडव्याच्या दुपारी आम्ही सगळे जेवून आडवे झालो असताना, अभ्यंगाचे उरलेले खोबरेल वाटीत घेऊन ते हळूच खाली गेले. चतुर्दशीला माणसांना तेल लावले, मग मोटारीने काय घोडे मारले आहे, असा त्यामागचा विचार. वाटी रिकामी झाली. कोणाला एका शब्दाने बोलले नाहीत. सकाळी नातवाला चकित करायचे होते ना!

भाऊबीजेला आम्ही चिंचवडला वन्संकडे जातो. पहाटे चांगलाच गारवा होता, आणि गारव्यात खोबरेल काय करते ते तुम्हाला सांगायला नको. चोवीस अंशांच्या खाली उतरले, की थिजते. चिरंजीवांनी दार उघडले तर सीटच्या भोकाभोकांत पांढरा ठिपका, जणू कोणी ठिपक्यांची रांगोळी मांडावी! शिवणी तेल पिऊन काळवंडलेल्या, वर धूळ चिकटलेली. हे मी नीट पाहीपर्यंत मागे टेकून उठलेसुद्धा, आणि माझ्या मोतिया रेशमी साडीला पंजाएवढा डाग.

चिरंजीव तापले. "आजोबा, नसते उद्योग करायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

मामंजी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. "चुकलं माझं," एवढेच म्हणाले आणि काठी टेकत जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यावरून मला म्हणाले, "तिला सांग, गुडघा दुखतोय."

वन्संच्या लग्नानंतर त्यांच्या भाऊबीजेला वडील नाहीत असे पहिल्यांदाच घडले. बासुंदी कोणालाच गोड लागली नाही. परतल्यावर चिरंजीव आजोबांच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा मागे फिरले. मामंजींनी तर जाहीरच केले, की यापुढे ते रिक्षाने हिंडतील. "त्या गाडीत जीव मुठीत धरून बसावं लागतं. मला नाही जमायचं."

चार दिवस मी वाट पाहिली. मग त्यांना म्हटले, "मामंजी, नाना पेठेत मोटारींच्या गाद्या शिवणारे एक मिस्त्री आहेत. सीटचं काय करायचं ते विचारायला जायचंय. मला एकटीला त्यातलं काय कळणार? तुम्ही चला." ते कुरकुरले, पण आले. रिक्षाने.

मिस्त्रींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. हसले नाहीत, हे विशेष. त्यांनी कात्रणांच्या ढिगातून सीटच्या कातड्याचा एक तुकडा काढला, मामंजींच्या पुढे ठेवला आणि बोटाने त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब अळवाच्या पानावरल्यासारखा गोल उभा राहिला. मग त्यांनी तो तुकडा उलटा केला आणि आतल्या खरखरीत बाजूला दुसरा थेंब सोडला. तो बघता बघता जिरला आणि मागे काळा डाग राहिला.

"बाबा," मिस्त्री म्हणाले, "तुमचं तेल खोटं नाही. कातडंही खोटं नाही. पण याच्या वरच्या अंगाला रंग मारलाय आणि रंगावर पातळ लेप दिलाय. तेल बिचारं आत जाणार कुठून? जिथं फट सापडेल तिथं घुसलं. शिवणीत, भोकांत."

मामंजींनी तो तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

वाचक-भगिनींनो, साऱ्या प्रकरणाची किल्ली या दोन थेंबांत आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजवून कमावतात. त्याचे अंग उघडे असते, म्हणून ते तेल पिते आणि मऊ होते. मोटारीच्या सीटचे कातडे बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ही रीत एकोणिसाव्या शतकात निघाली. तिने काम एक-दोन दिवसांत होते, आणि कातडे रंगवण्यापूर्वी फिकट निळे दिसते. सालीचे ओले कातडे ज्या उष्णतेला आखडते, तिच्या बऱ्याच वरची उष्णता हे सोसते. हल्ली क्रोमियमऐवजी दुसरी रसायनेही वापरतात. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे: कातडे कमावून झाले, की त्यावर रंगाचे हात आणि शेवटी प्लॅस्टिकच्या जातीचा पारदर्शक लेप देतात. कातडे असते मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाड. लेप मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा इतका पातळ. आपण सीट पुसतो तेव्हा कातडे पुसत नसतो, हा लेप पुसत असतो. तो शाबूत, तर सीट शाबूत. तो झिजला किंवा तडकला, की आतले कातडे घाम, धूळ आणि ऊन यांच्या तावडीत सापडलेच.

म्हणून पहिले काम हे, की आपली सीट कशाची आहे ते ओळखणे. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढा. त्यात बहुधा लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांत अंग टेकते तेवढाच भाग कातड्याचा असतो. कडा आणि पाठीमागची बाजू नकली असते. काहींत तर सगळेच नकली असते. त्यात कमीपणा काही नाही. पुसायची पद्धत जवळजवळ तीच, फक्त कातड्याचे महागडे मलम त्याला लागत नाही. शंका असेल तर सीटच्या खालच्या, दृष्टीआडच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब सोडून पाहा. उभा राहिला, तर लेप आहे. जिरला आणि डाग पडला, तर कातडे उघडे किंवा मखमली जातीचे आहे. त्याला घरी हात न लावता जाणत्याकडे न्यावे हे बरे.

आता आम्ही काय केले ते सांगते. रविवारी सकाळी मी आणि मामंजी फडकी-बादली घेऊन खाली उतरलो. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे गाडी तासभर कोवळ्या उन्हात उभी केली. थिजलेले खोबरेल पाघळले, तसे कोरडे सुती फडके दाबून दाबून ते टिपून घेतले. घासायचे नाही, टिपायचे. घासले, की तेल आणखी पसरते. भोकांत काडी किंवा सुई घालायची नाही, भोक फाटते. हे चालले असताना चिरंजीव खाली आले. थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. मग बाही दुमडून म्हणाले, "आजोबा, ब्रश कुठला घेऊ?"

मामंजींनी वर न पाहता सांगितले, "मऊ. तो पिवळा."

माफी मागण्या-देण्याचा कार्यक्रम आमच्या घरात एवढ्यावरच आटोपतो.

मग खरी सफाई. आधी धूळ काढायची, आणि ती कोरडीच. यंत्र असेल तर त्याला मऊ केसांचे तोंड लावून. नसेल तर मऊ कुंच्याने. शिवणीच्या खाचेत बसलेली रेती ही सीटची मोठी वैरीण आहे. आपण बसताना-उठताना ती पॉलिशच्या कागदासारखी लेप खरवडत राहते. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड सर्वांत आधी का जुनी दिसते, त्याचे कारण हेच. धूळ न काढता ओले फडके फिरवणे म्हणजे आपल्या हातानेच ती रेती घासणे.

मग कातड्यासाठी मिळणारे सौम्य द्रावण घ्यावे. ते नसेल तर अर्धा लिटर पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे चार-पाच थेंब पुरेत. आधी आडोशाच्या जागी लावून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबावे. नाहीतर नुसता फेस ब्रशवर घेऊन वीतभर जागा हलक्या हाताने गोल गोल घासावी, लगेच पिळलेल्या ओल्या फडक्याने टिपावी, कोरड्याने पुसावी आणि मगच पुढच्या वितीकडे जावे. सीटवर पाणी कधी ओतू नये, भोकांच्या सीटवर तर मुळीच नाही. खाली स्पंज असतो, तो ओला राहिला, की वास धरतो. शिवाय हल्लीच्या सीटच्या पोटात विजेच्या तारा असतात. सगळे झाले, की दारे उघडी टाकून सावलीत वाळू द्यावे. केस वाळवायचे यंत्र लावायचे नाही.

आम्हाला हे सारे दोन रविवार करावे लागले. भोके स्वच्छ झाली, चिकटपणा गेला. डाव्या बाजूच्या पुढल्या सीटच्या शिवणीत मात्र बोटभर काळसर पट्टा राहिला तो राहिलाच. आत मुरलेले तेल सगळे परत निघत नाही.

शेवटी राहिले मलम. बाजारात कातड्याला "खुराक" म्हणून पुष्कळ बाटल्या मिळतात. त्यांतले बरेच सल्ले जुन्या विलायती गाड्यांच्या काळातले, जेव्हा कातड्यावर आजच्याइतका भक्कम लेप नसे. आजच्या सीटला हवे असते ते लेपावर बसणारे पातळ, पाण्यात कालवलेले, चमक न आणणारे संरक्षक द्रव्य. ते वर्षातून तीन-चारदा, फडक्यावर थोडेसे घेऊन लावावे आणि उरलेले पुसून काढावे. सीट आरशासारखी चकाकू लागली, की समजावे, काहीतरी जास्त झाले. डॅशबोर्ड चकाकवायचे तेलकट द्रव्य सीटला लावूच नये. ब्रेक दाबला, की माणूस पुढे घसरतो.

आता काय लावू नये, त्याची यादी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवून ठेवण्यासारखी आहे, कारण यातल्या निम्म्या वस्तू तिथेच असतात. कोणतेही खाद्य तेल नको. लिंबू नको, व्हिनेगर नको. धुण्याचा साबण नको, खायचा सोडा नको. कातडे स्वभावाने किंचित आंबट, आणि साबण-सोडा त्याच्या उलट, क्षारांच्या जातीचे. त्यांचे पटत नाही. स्पिरिट, नखांचा रंग काढायचे पाणी आणि हात निर्जंतुक करायचे द्रावण, ही तिन्ही लेप मऊ करतात किंवा उतरवतात. २०२० सालच्या साथीपासून ती बाटली पुष्कळांच्या गाडीत कायमची राहायला आली. हाताला लावा, पण हात पुरता वाळल्यावरच सीटला टेकवा.

सणाचे दिवस म्हणजे सीटची परीक्षाच. चकलीचा तेलकट चुरा, करंजीचे तूप, सांडलेले अत्तर, झेंडूच्या चुरडलेल्या पाकळ्या, साडीच्या जरीचे टोकदार काठ, आणि नव्या निळ्या जीनचा उतरणारा रंग. फिकट सीटवर हा निळा रंग बसला, की पुढे लेपातच मुरतो. म्हणून दिसला, की त्याच दिवशी फेसाने पुसावा. डोक्याला तेल लावणाऱ्यांच्या मागच्या उशीवर धुतलेला टॉवेल टाकावा. खाण्याचे डबे मांडीवर घ्यावेत, सीटवर नव्हे. आणि काही सांडलेच, तर दोन मिनिटांत टिपावे. दोन दिवसांनी बाटल्या आणत बसण्यापेक्षा ते सोपे.

उन्हाने लेप कडक होतो आणि रंग विटतो, म्हणून गाडी शक्य तो सावलीत, नाहीतर पुढच्या काचेला पडदा लावून ठेवावी. पावसाळ्यात संकट उलटे. मुंबई-कोकणातल्या भगिनींना ते सांगायला नको: बंद गाडी आठ दिवसांनी उघडावी, तर सीटवर पांढरी-हिरवी लव! अशा वेळी घाबरून काहीबाही ओतू नये. गाडी मोकळ्या हवेत आणावी, नाकाला फडके बांधावे, बुरशी कोरड्या ब्रशने बाहेरच्या बाजूला झटकावी, मग फेसाने पुसून दारे उघडी ठेवून खडखडीत वाळवावे. नंतर पायाखालच्या जाजमाखाली हात घालून पाहावे. बुरशी सीटवर दिसते, पण ओल बहुधा तिथे लपलेली असते. ओली छत्री गाडीत राहू देऊ नये.

आणखी एक आपली खास सवय. नव्या गाडीच्या सीटवरचे प्लॅस्टिक महिनोन् महिने काढायचे नाही, का तर नवेपणा टिकावा! त्याच्याखाली घामाची वाफ कोंडते आणि वाईट तेच होते. पहिल्या दिवशी काढून टाका. कव्हर घालायचे असेल तर एवढे पाहा, की सीटच्या कडेला "एअरबॅग" अशी चिठ्ठी असली तर ती बाजू शिवून बंद केलेली नसावी. अपघातात ती पिशवी तिथूनच फुगते. आणि लेप एकदा तडकलाच, तर कोणतेही तेल-मलम तो सांधत नाही. तो भाग साफ करून, भरून, रंगवून नवा लेप द्यावा लागतो, आणि ते काम मिस्त्रींचे.

सगळ्याचे सार काढायचे तर ते एवढेच: आठवड्याला धूळ, महिन्याला पिळलेले फडके, तीन-चार महिन्यांनी फेस आणि पातळ हात. थोडे, पण नेमाने. मामंजी फियाटचे रेक्झिन पुसत, ते याहून फार वेगळे नव्हते.

यंदाच्या वर्षात हे काम कोणाचे ते सांगायला नको. दर रविवारी आठ वाजता चिरंजीव गाडीची किल्ली आजोबांच्या हातात ठेवतात आणि स्वतः बादली उचलतात. मामंजी स्टुलावर बसून सूचना देतात आणि पुढली डावी सीट मात्र स्वतःच पुसतात. ती त्यांची जागा. काळसर पट्टा अजून आहे. चिरंजीव एकदा म्हणाले, "मिस्त्रींकडून रंगवून घेऊ या का?" मामंजी म्हणाले, "कशाला? असू दे. नाहीतर मी पुन्हा विसरेन."

परवा मी दिवाळीचे खोबरेल आणले, तेव्हा चिरंजीवांनी बाटलीकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले आणि दोघेही एकदम हसले. मामंजींनी वाटीभर तेल मागून घेतले आहे. घाबरू नका, नवी कोल्हापुरी आली आहे. आणि यंदा भाऊबीजेला चिंचवडला जाताना पुढली डावी सीट कोणाची, हे आमच्या घरात ठरलेले आहे.